आधी ऊब, मग दूध: छोट्या जातीच्या कुत्रीचं बाळंतपण आणि पिल्लांचं खाणं

  ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे इथे लिहूनही देते आहे. आजच्या भागात आकडे बरेच आहेत आणि ते ऐकता ऐकता निसटतात, म्हणून खरं तर हा भाग वाचण्यासाठीच आहे म्हणा ना. फ्रिजवर चिकटवून ठेवलात तरी चालेल.

आजचा विषय तुमच्याच प्रश्नातून आलाय. "ताई, आमची कुत्री गाभण आहे, तिला काय खायला घालू?" आणि त्याच्या मागोमाग दुसरा, "पिल्लांना आईचं दूध पुरलं नाही तर गाईचं दिलं तर चालेल का?" हे दोन प्रश्न इतक्यांदा येतात की आता एकदाच सविस्तर बोलते.

सुरुवातीलाच सांगते, मी डॉक्टर नाही. पुण्यात गेली काही वर्षं ओळखीपाळखीच्या घरांमध्ये कुत्र्यांच्या बाळंतपणाला मदत करायला जाते, रात्री जागते, वजनं लिहून ठेवते. डॉक्टरांच्या हाताखाली शिकलेलं आणि डोळ्यांनी पाहिलेलं तेवढं सांगणार आहे. तुमच्या कुत्रीला तपासणारे डॉक्टर वेगळं काही म्हणाले तर त्यांचं ऐका.

आज मी फक्त छोट्या जातींबद्दल बोलतेय. चिवावा, यॉर्कशायर टेरियर, शित्झू, पॉमेरेनियन, ज्यांना आपण टॉय ब्रीड म्हणतो ते. आपल्याकडे घरोघरी 'पॉम' म्हणून जे पांढरं केसाळ कुत्रं असतं ते बऱ्याचदा इंडियन स्पिट्झ असतं, ते जरा थोराड. खरा पॉमेरेनियन दोन-तीन किलोचाच. आता हा फरक का महत्त्वाचा? लॅब्रॅडॉरचं पिल्लू जन्मतःच चारशे-साडेचारशे ग्रॅमच्या आसपास असतं. चिवावाचं पिल्लू शंभर-सव्वाशे ग्रॅम, म्हणजे दोन अंड्यांएवढं. एवढ्याशा जिवाच्या अंगात साठा असा काही नसतोच. चरबी नाही, यकृतात साखरेचा साठा बेताचा. लॅबच्या पिल्लाचं एक दूध चुकलं तर ते रडून रडून घर डोक्यावर घेतं. चिवावाच्या पिल्लाची दोन दुधं चुकली तर ते गप्प होतं. आणि गप्प झालेलं पिल्लू ही सगळ्यात वाईट बातमी.

म्हणून आजच्या भागातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती ही: आधी ऊब, मग वजन, आणि मग दूध. हा क्रम उलटा करायचा नाही. का, ते पुढे येईलच. पण पिल्लांच्या खाण्याची तयारी पिल्लं जन्मल्यावर सुरू होत नाही, ती आईच्या ताटापासून सुरू होते. तेव्हा आधी आईकडे वळू.

आईचं ताट

कुत्रीचे दिवस साधारण त्रेसष्ट. संयोगाच्या तारखेपासून मोजलं तर चार-पाच दिवस इकडे-तिकडे होतात. म्हणून तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

पहिले पाच आठवडे तिला जास्त खाऊ घालायची गरज नसते. हे ऐकून घरातल्या आजींना राग येतो, मला माहीत आहे. "दोन जिवांची आहे ती!" दोन कशाला, चार जिवांचीही असेल. पण पिल्लांची खरी वाढ शेवटच्या तीन-चार आठवड्यांत होते. सुरुवातीला जे जास्तीचं घालाल ते पिल्लांना जात नाही, तिच्या अंगावर चरबी म्हणून बसतं. आणि लठ्ठ कुत्रीचं बाळंतपण अवघड होतं. छोट्या जातीत ते आधीच अवघड असतं, कारण पिल्लाचं डोकं मोठं आणि वाट अरुंद. मध्येच, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, ती काही दिवस खाणं कमी करेल. तेही बहुतेक वेळा ठीकच असतं. मात्र दोन दिवस काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना विचारा.

पाचव्या आठवड्याच्या सुमारास तिचं नेहमीचं खाणं हळूहळू बदलून पिल्लांसाठीचं तयार खाद्य सुरू करायचं. हो, पपी फूड, आईला. त्यात प्रथिनं, चरबी आणि कॅल्शियम-फॉस्फरसचं प्रमाण आधीच बेतलेलं असतं. बदल एका दिवसात नको, आठवडाभर थोडं जुनं थोडं नवं असं मिसळत न्या, नाहीतर पोट बिघडेल. मग सहाव्या आठवड्यापासून प्रमाण थोडं थोडं वाढवत विण्याच्या वेळेपर्यंत नेहमीपेक्षा पाव ते निम्मं जास्त, एवढं पुरे.

पण या टप्प्यावर अडचण वेगळीच येते. तिच्या पोटात आता जागाच नसते. पिल्लांनी जठर दाबून धरलेलं असतं. दोन वेळा वाटीभर घातलं तर ती अर्धं टाकून देते आणि आपण म्हणतो, "नखरे करतेय." नखरे नाहीत हो ते. दिवसातून चार-पाच वेळा, थोडं थोडं, असं द्या.

आकड्यात सांगते. तीन किलोची कुत्री धरा. एरवी तिला दिवसाला अंदाजे अडीचशे कॅलरी लागतात. शंभर ग्रॅमला ३८० ते ४०० कॅलरी असलेलं खाद्य असेल तर हे साधारण ६५ ग्रॅम झालं. विण्याच्या सुमाराला ते ८० ते ९५ ग्रॅमपर्यंत जाईल. आणि पिल्लं तीन-चार आठवड्यांची होतात, दूध सगळ्यात जास्त जातं, तेव्हा चार पिल्लांच्या आईला याच्या दुपटीहून जास्त लागतं, म्हणजे १४० ग्रॅम किंवा त्याहून अधिक. तीन किलोचा जीव आणि दीडशे ग्रॅम कोरडं खाद्य! त्या काळात मी तर भांडं भरलेलंच ठेवते. पाणीही सतत हवं, पण उथळ भांड्यात, आणि पिल्लं सरपटत जाऊन पडणार नाहीत अशा जागी.

तुमच्या पिशवीवर कॅलरी वेगळ्या लिहिलेल्या असतील, तर त्याप्रमाणे हिशोब करा. आणि वाटीनं मोजू नका, काट्यावर मोजा.

काही घरांतून विचारतात, "आमच्याकडे अंडंसुद्धा चालत नाही, पोळी-दूध दिलं तर?" मी सरळ सांगते, नुसत्या पोळी-दुधावर गाभण कुत्री निभत नाही. त्यात प्रथिनं कमी पडतात आणि दुधातली साखर बऱ्याच मोठ्या कुत्र्यांना पचत नाही, जुलाब होतात. तयार खाद्य कोरडं असतं, त्याला हात लावणं जड जात असेल तर वेगळा डबा, वेगळा चमचा आणि वेगळी जागा ठेवा. कितीतरी शाकाहारी घरं असं करतात, आणि कुणाचं काही अडत नाही.

माणसाच्या बाळंतिणीचं सगळं कुत्रीला नको

आपल्याकडे बाळंतिणीचं कौतुक मोठं. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेपूची भाजी, खारीक-खोबरं. घरात कुत्री बाळंत झाली की हेच कौतुक तिच्याही वाट्याला येतं, आणि मागची माया खरी असते, त्याबद्दल मला आदरच आहे. पण डिंकाच्या लाडवात मनुका असतात, आणि मनुका, बेदाणे, द्राक्षं हे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात. अगदी थोडे खाऊनसुद्धा. कांदा-लसूण घातलेली आमटी, रस्सा, तेही नको, त्यानं रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. चॉकलेट नको, जायफळ नको. कच्चं मांस, कच्चं अंडं या दिवसांत टाळा, जंतूंचा धोका आईलाही आणि पिल्लांनाही. काळीज रोज रोज नको, त्यात अ जीवनसत्त्व फार असतं आणि अति झालं तर गर्भाला त्रास होतो.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, कॅल्शियम.

गाभणपणात स्वतःच्या मनानं कॅल्शियमचं सिरप किंवा गोळ्या देऊ नका. पुन्हा सांगते, देऊ नका. वाटतं असं की पिल्लांची हाडं व्हायची आहेत, दूध यायचं आहे, मग कॅल्शियम आधीच भरून ठेवलेलं बरं. पण शरीर बँकेसारखं चालत नाही. गळ्याजवळ पॅराथायरॉइड नावाच्या ग्रंथी असतात. रक्तातलं कॅल्शियम कमी झालं की हाडांतून काढून आणायचं, हे काम त्या करवून घेतात. तुम्ही बाहेरून सतत कॅल्शियम ओतत राहिलात की या ग्रंथी सुस्तावतात. मग पिल्लं दोन-तीन आठवड्यांची होतात, दुधावाटे कॅल्शियम भराभर जायला लागतं, आणि नेमकी तेव्हाच ही यंत्रणा झोपलेली असते. रक्तातलं कॅल्शियम धाडकन खाली येतं. याला एक्लॅम्प्सिया म्हणतात. मोठ्या गोठ्यातल्या गाईंना व्याल्यावर जो 'मिल्क फीवर' होतो, त्याचाच हा भाऊ. सिरप न देताही हा होऊ शकतो, आणि छोट्या कुत्र्यांत, जास्त पिल्लं असलेल्यांत तो जास्त दिसतो.

एक घर सांगते. अडीच किलोची कुत्री, चार पिल्लं. घरातल्या मावशींनी सगळे दिवस तिला लहान मुलांचं कॅल्शियमचं सिरप प्रेमानं पाजलं होतं. पिल्लं गुटगुटीत, सगळं छान. सतराव्या दिवशी रात्री साडेदहाला फोन आला, "ही सारखी धापा टाकतेय, पिल्लांजवळ बसत नाही, फेऱ्या मारतेय. उकडत असेल का?" मी विचारलं, चालताना पाय ताठ वाटतात का? म्हणाल्या, "हो, लाकडासारखे." म्हटलं, रिक्षा बोलवा, मी दवाखान्यात येते. रस्त्यातच तिचं अंग थरथरायला लागलं, टेबलावर ठेवलं तेव्हा ताप १०६ होता. डॉक्टरांनी शिरेतून कॅल्शियम दिलं, अगदी हळूहळू, एका हातानं छातीचे ठोके मोजत, कारण ते घाईनं दिलं तर हृदय बंद पडू शकतं. वीस-पंचवीस मिनिटांत ती उठून बसली आणि शेपटी हलवली.

पण गोष्ट इथे संपली नव्हती. डॉक्टर म्हणाले, आता निदान चोवीस तास पिल्लांना हिच्या अंगावर लावायचं नाही. रात्रीचे बारा वाजलेले. घरी चार भुकेली पिल्लं. अशा वेळी पिल्लांच्या दुधाची पावडर कुठे मिळते पुण्यात? कुठेच नाही. पण त्या घरात ती होती, पन्नासाव्या दिवशी आणून कपाटात ठेवलेली, सिरिंजसकट. चारही पिल्लं जगली. सिरप पाजल्यामुळेच हे झालं असं छातीठोक कोणी सांगू शकत नाही, पण डॉक्टरांचा पहिला प्रश्न तोच होता.

म्हणून धापा, बेचैनी, ताठ चाल, तोंड खाजवणं, थरथर, यातलं काहीही दिसलं की सकाळची वाट बघायची नाही. पिल्लं बाजूला करा आणि निघा.

पन्नासाव्या दिवसापर्यंत घरात काय हवं

आता ती पावडर आणि बाकीची तयारी. पन्नासावा दिवस ही माझी मर्यादा आहे, कारण छोट्या कुत्र्या कधीकधी लवकर वितात आणि ऑनलाइन मागवलेली वस्तू आपल्या सोयीनं येत नाही.

एक, पिल्लांसाठीची दुधाची पावडर. डब्यावरची तारीख बघून घ्या. माणसाच्या बाळाची पावडर नको.

दोन, एक ग्रॅमचा फरक दाखवणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा. पाच ग्रॅमचे टप्पे दाखवणारा उपयोगाचा नाही.

तीन, एक आणि दोन मिलिलिटरच्या सिरिंज, सुया काढून, आणि लहानातली लहान बाटली-बूच. बुचाचं भोक असं हवं की बाटली उलटी केली तर थेंब थेंब पडेल, धार लागणार नाही.

चार, डिजिटल थर्मामीटर दोन. एक अंगाचा, एक खोक्यातल्या हवेचा.

पाच, ऊब द्यायची दोन साधनं. एक विजेवरचं आणि एक विजेशिवायचं, कारण आपल्याकडे वीज जाते, आणि ती अशाच रात्री जाते. रबरी गरम पाण्याची पिशवी, जुन्या गोधडीत गुंडाळून, हा सगळ्यात जुना आणि खात्रीचा उपाय.

सहा, ग्लुकोज पावडर, कापूस, स्वच्छ सुती फडकी, वही-पेन. पिल्लं ओळखायला वेगवेगळ्या रंगांच्या लोकरीचे सैल धागे.

सात, रात्री उघड्या असणाऱ्या दवाखान्याचा नंबर. तो आधीच एकदा फोन करून खात्री करून घ्या की रात्री खरंच डॉक्टर असतात आणि सिझेरियन होतं.

पंचावन्नाव्या दिवसानंतर डॉक्टरांना विचारून एक एक्स-रे काढा. तोवर पिल्लांची हाडं नीट दिसतात आणि संख्या मोजता येते. किती ताटं मांडायची ते कळलं की तयारी सोपी जाते, आणि विताना एखादं पिल्लू आत राहिलं का हेही समजतं. शेवटच्या आठवड्यात तिचा ताप दिवसातून दोनदा बघा. एरवी तो १०० ते १०२ फॅरनहाइटच्या आसपास असतो. तो ९९ च्या खाली गेला की बहुतेक वेळा पुढच्या चोवीस तासांत ती विते. त्या दिवशी ती खाणार नाही. आग्रह करू नका.

आणि जोरात कळा देऊनही अर्ध्या तासात पिल्लू आलं नाही, दोन पिल्लांमध्ये दोन तासांहून जास्त वेळ गेला, किंवा पहिल्या पिल्लाच्या आधीच हिरवा स्राव दिसला, तर दवाखाना. इथे वाट बघण्यात अर्थ नाही.

पिल्लू आलं: ऊब, वजन, चीक

नवजात पिल्लाला पहिल्या आठवड्यात कुडकुडताही येत नाही. थंडी वाजली की आपलं अंग थरथरून ऊब तयार करतं, ती सोय त्याच्याकडे अजून नसते. म्हणून पहिल्या आठवड्यात खोक्यातली हवा २९ ते ३२ अंश सेल्सिअस हवी. विदर्भातल्या मे महिन्यात हे आपोआप होतं, उलट तिथे जास्त तापू नये याची काळजी घ्यावी लागते. पुण्या-नाशिकच्या डिसेंबरात मात्र मुद्दाम करावं लागतं. ऊब खोक्याच्या अर्ध्या भागातच द्या, म्हणजे आईला आणि पिल्लांना हवं तर बाजूला सरकता येतं. पिल्लं एकमेकांवर रचून पडली तर त्यांना गार वाटतंय. चार कोपऱ्यांत पसरून धापा टाकत असतील तर गरम होतंय. सैलसर ढिगात शांत झोपली असतील तर बरोबर आहे.

आता तो क्रम. पिल्लू गार असताना त्याचं आतडं काम करत नाही. अंगाचं तापमान ९५ फॅरनहाइटच्या खाली गेलं असेल आणि आपण दयेपोटी दूध पाजलं, तर ते दूध पोटात तसंच पडून राहतं, नासतं, फुगतं, किंवा उलटून फुप्फुसात जातं. गार, मरगळलेलं पिल्लू बघून पहिली ऊर्मी येते ती दूध पाजण्याची. ती आवरायची. आधी अंगाशी धरून, फडक्यात गुंडाळून हळूहळू ऊब द्यायची, त्याला तासभर किंवा जास्तही लागू द्या. गरम पाण्याची पिशवी थेट अंगाला लावू नका, भाजतं. फार मलूल असेल तर कोमट पाण्यात कालवलेल्या ग्लुकोजचा थेंब बोटानं हिरड्यांना चोळा. तोंडात ओतू नका. ऊब आली, बोट तोंडात दिल्यावर ते चोखायला लागलं, की मग दूध.

पहिलं दूध म्हणजे चीक. आपण गाईच्या चिकाचा खरवस करून खातो, पण पिल्लासाठी चीक म्हणजे त्याची रोगांविरुद्धची जवळजवळ सगळी शिदोरी आहे. त्यातली ही शक्ती आतड्यातून रक्तात जायची वाट जन्मानंतर काही तासांतच अरुंद होत जाते आणि दिवसभरात बंद होते. म्हणून प्रत्येक पिल्लू पहिल्या दोन-चार तासांत सडाला लागलंच पाहिजे. सिझेरियन झालं असेल आणि आई अजून गुंगीत असेल, तरी तिला कुशीवर धरून पिल्लं लावा, मात्र तिथून उठू नका. सगळ्यात लहान पिल्लाला मागच्या सडांना आधी लावा, तिथे दूध जास्त असतं.

आणि जन्मल्यावर लगेच वजन. मग पहिले दोन आठवडे रोज सकाळ-संध्याकाळ, त्याच काट्यावर. पहिल्या दिवशी थोडं उतरलं तर चालतं. दुसऱ्या दिवसापासून मात्र रोज पाच ते दहा टक्के वाढायला हवं, आणि दहा-बारा दिवसांत जन्माच्या दुप्पट. १२० ग्रॅमच्या पिल्लाचे पाच टक्के म्हणजे सहा ग्रॅम. सहा ग्रॅम डोळ्यांना कधीच दिसत नाहीत, हाताला कळत नाहीत. फक्त काट्याला कळतात. पिल्लू गोड दिसतंय, आईजवळ आहे, तोंड सडाला आहे, यातलं काहीही ते दूध पीत असल्याचा पुरावा नाही.

हातानं पाजायची वेळ आली तर

वजन वाढत नाही, आईला दूध कमी आहे, किंवा एक्लॅम्प्सियासारखं काही झालं, तर आपल्यावर येतं.

गाईचं दूध का नाही? कुत्रीच्या दुधात चरबी साधारण नऊ टक्के आणि प्रथिनं सात-साडेसात टक्के. गाईच्या दुधात चरबी चारच्या आसपास, प्रथिनं साडेतीनच्या आत, आणि साखर मात्र कुत्रीच्या दुधापेक्षा जास्त. म्हणजे ताकद निम्मी आणि जुलाबाचं कारण जास्त. "जड पडेल" म्हणून त्यात पाणी घातलं की उरलीसुरली ताकदही गेली. म्हशीच्या दुधात चरबी बरी असते, पण प्रथिनं तरीही कमीच. शेळीचं दूधही या बाबतीत गाईच्याच जवळचं. पावडर मिळेपर्यंत एखादी रात्र काढायचीच वेळ आली तर काय द्यायचं, हे आधीच डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या.

प्रमाण असं. पहिल्या आठवड्यात शंभर ग्रॅम वजनाला दिवसाला साधारण वीस कॅलरी. डब्यावरच्या सूचनेप्रमाणे कालवलेल्या दुधात बहुधा एका मिलिलिटरला एक कॅलरी असते, तेवढं डब्यावर तपासा. १२० ग्रॅमच्या पिल्लाला दिवसाला २४ मिलिलिटर झाले. पोट किती? शंभर ग्रॅमला चारेक मिलिलिटर. म्हणजे एका वेळी पाचच्या आत. मग दर तीन तासांनी, दिवसरात्र आठ वेळा, तीन-तीन मिलिलिटर. पिल्लू अगदीच लहान असेल तर दर दोन तासांनी दोन-दोन. अर्धा चहाचा चमचासुद्धा नाही, म्हणूनच एक मिलिलिटरची सिरिंज लागते. वजन वाढेल तसं रोज सकाळी नवा हिशोब करायचा. दुसऱ्या आठवड्यात तीन-चार तासांवर, तिसऱ्यात चार-पाच तासांवर यायचं.

दूध कोमट, मनगटावर थेंब टाकला तर गरमही नाही, गारही नाही असं. पिल्लू पालथं, पोटावर, डोकं किंचित वर, जसं ते आईजवळ पितं तसं. माणसाच्या बाळासारखं उताणं कधीही नाही, दूध श्वासनलिकेत जातं. सिरिंज दाबून धार सोडायची नाही, त्यानं चोखावं तसा थेंब द्यायचा. नाकातून दूध आलं तर थांबा, डोकं खाली करा, पुसा आणि डॉक्टरांना फोन करा. चोखतच नसेल तर जबरदस्ती नको, नळीनं पाजावं लागतं आणि ते डॉक्टरांकडून हातात हात धरून शिकल्याशिवाय करू नये.

पाजून झालं की कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसानं खालचा भाग हलकेच पुसायचा, म्हणजे शी-शू होते. आई चाटून हेच करते. पहिले तीनेक आठवडे त्याला ते आपणहून जमत नाही. उरलेलं दूध फेका. कालवलेलं दूध फ्रिजमध्ये ठेवलं तरी दुसऱ्या दिवशी वापरायचं नाही.

एक अवघड गोष्टही बोलायला हवी. यॉर्कशायरच्या एका वेतात एक पिल्लू ६२ ग्रॅमचं होतं, बाकीची शंभरच्या आसपास. ऊब होती, चीक मिळाला होता, दर दोन तासांनी पाजणं चालू होतं, डॉक्टर दोनदा पाहून गेले. वहीत ६२, ६०, ६१, ५८ असे आकडे आहेत. तिसऱ्या रात्री ते गेलं. घरातली बारा वर्षांची मुलगी वही हातात घेऊन विचारत होती, "काय राहिलं करायचं?" काहीच राहिलं नव्हतं. काही पिल्लं आतूनच अपुरी येतात. पण वही होती म्हणून तिला ते दाखवता आलं. आणि त्याच वहीत दुसऱ्या एका पिल्लाचं वजन दोन वेळा जागच्या जागी थांबलेलं दिसलं, त्याला लगेच वरचं दूध सुरू झालं आणि ते वाचलं.

पुढचे आठवडे

साडेतीन-चार आठवड्यांचं झालं की आईचंच खाद्य कोमट पाण्यात भिजवून, कुस्करून, पातळ खिरीसारखं उथळ ताटलीत द्या. आधी पाय घालतील, मग नाक, मग जीभ. हळूहळू घट्ट करत सहा ते आठ आठवड्यांत पूर्ण खाण्यावर येतात. जंतांचं औषध दोन आठवड्यांपासून, आई आणि पिल्लं दोघांनाही, वजन करून डॉक्टर देतील तेवढंच.

छोट्या जातीत धोका इथेही संपत नाही. तीन-चार महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून चार वेळा तरी खायला हवं. खेळून दमलं, प्रवास झाला, एक वेळ खाल्लं नाही, की रक्तातली साखर उतरते, पिल्लू झोकांड्या खातं, मलूल पडतं. हिरड्यांना ग्लुकोज चोळा आणि दवाखाना गाठा. पिल्लू दुसऱ्या घरी देणार असाल तर सोबत त्याचं चालू खाद्य आठवडाभराचं द्या आणि हे सगळं लिहून द्या. आणि आठ आठवड्यांच्या आत देऊच नका. विक्रीच्या बाबतीत तर २०१७ च्या केंद्राच्या नियमांतही हीच मर्यादा आहे, आणि व्यवसाय म्हणून पिल्लं काढणाऱ्याला नोंदणीही लागते.

शेवटी एवढंच सांगते. हे सगळं वाचून कुणाला वाटलं की हे आपल्याला झेपणारं नाही, रात्री दर तीन तासांनी उठायला घरात माणूस नाही, तर संयोग घडवून आणण्याआधीच थांबलेलं चांगलं. नसबंदी करून घेतलेली कुत्रीही तेवढीच आनंदात जगते. पण ती आधीच गाभण असेल, तर आज कॅलेंडरवर तारीख लिहा, उद्या काटा आणा आणि पावडर मागवा.

तुमचे प्रश्न नेहमीप्रमाणे पाठवा. कुत्रीचं वजन, कितवा दिवस आणि काय खाते, हे तीन आकडे सोबत लिहा, म्हणजे मला उत्तर देणं सोपं जाईल. पुढच्या भागात पिल्लांच्या लसीकरणाबद्दल बोलू. तोपर्यंत काळजी घ्या, तुमची आणि तुमच्या चार पायांच्या माणसांची. नमस्कार.